सेकंडहँड बीएमडब्ल्यूचे सर्वो ब्रेक: घ्यावी की सोडावी?

डिचोली_३५०

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे पण पूर्ण वाचून सांगा, कारण उत्तर याच आठवड्यात पाहिजे. माझा थोरला भाऊ सहा वर्षं इंग्लंडात आहे, गोदामात नाईट शिफ्ट करतो, आणि लहानपणापासून त्याचं एकच वेड, मोठी टुरिंग बाईक. आता पैसे जमलेत आणि त्याला २००३ ची बीएमडब्ल्यू आर ११५० आरटी मिळतेय, दोन्ही बाजूंना डबे, समोर बटणाने वरखाली होणारी काच, एकाच मालकाची, दिसायला एकदम स्वच्छ. किंमत तिथल्या हिशोबाने इतकी कमी की मलाच शंका आली. मग तो म्हणाला की या गाडीला पॉवर ब्रेक आहेत, कारसारखे, सर्वो का काय म्हणतात ते, आणि त्यालाच लोक घाबरतात. व्हिडिओ कॉलवर त्याने लिव्हर दाबून ऐकवलं पण, गाडी उभी, इंजिन बंद, फक्त चावी ऑन, आणि आतून घुंईईई असा आवाज, शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तसा. लिव्हर सोडली की बंद.

आमचे बाबा तीस वर्षं साखळीला पायलट होते, गोव्याबाहेरचे कोणी वाचत असतील तर पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले. रोज सकाळी पहिलं भाडं घ्यायच्या आधी मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड बघणार, नट अर्धा फेरा फिरवणार, अंगणात गाडी ढकलून ब्रेक मारून बघणार आणि मगच स्टँडवर जाणार. पावसात तर दुपारी परत एकदा. त्यांना हे सगळं सांगितलं तर एवढंच म्हणाले, ब्रेकाला करंट लागतो तर करंट गेल्यावर काय? मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

तर, हे ब्रेक खरंच चांगले असतात की नाही, वीस वर्षं जुन्या गाडीत भावाने नेमकं काय बघावं, आणि ही गाडी पुढे कधी गोव्यात आणता येईल का. अजून एक, मी स्वतः सेकंडहँड रॉयल एनफिल्ड हिमालयन बघतोय, एबीएसवाली, तिच्यात पण असली मोटर असते का?

काणकोण_ते_कारवार

एबीएस म्हणजेच पॉवर ब्रेक ना रे, आता सगळ्याच गाड्यांना येतो. बीएमडब्ल्यू आहे, बिनधास्त घे म्हणावं.

म्हापशाचो_मेस्त

नाही भाऊ, एबीएस वेगळं आणि सर्वो वेगळं, आणि याच गोंधळात लोक फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अकरा वर्षं गल्फमध्ये मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपला होतो, या आर ११५० आणि के १२०० मी किती उघडल्या त्याचा हिशोब नाही, आता म्हापशाजवळ माझं छोटं गॅरेज आहे.

साध्या डिस्क ब्रेकमध्ये तुम्ही लिव्हर दाबता, मास्टर सिलिंडरमधलं ऑइल ढकललं जातं, ते पाइपमधून सरळ कॅलिपरला, पॅड डिस्कला धरतात. ताकद सगळी तुमच्या हाताची. एबीएस फक्त एवढंच करतं की चाक लॉक व्हायला आलं की प्रेशर सोडतं आणि परत देतं, सोडतं आणि देतं, ते तुमच्या दाबात भर घालत नाही. सर्वोवाल्या बीएमडब्ल्यूत तुमच्या लिव्हरचं ऑइल चाकापर्यंत जातच नाही. ते जातं पेट्रोल टाकीखाली बसवलेल्या एका डब्यात, आणि तो डबा तुमचा दाब ओळखून आपल्या इलेक्ट्रिक पंपाने वेगळं ऑइल चाकांकडे ढकलतो. तुमच्या भावाने ऐकवला तो आवाज त्या पंपाचा. म्हणजे एका गाडीत ब्रेक ऑइलचे दोन संसार, लिव्हर ते डबा हा कंट्रोल सर्किट आणि डबा ते चाक हा व्हील सर्किट. हे लक्षात ठेवा, पुढे खर्च इथेच आहे.

थोडा इतिहास, कारण सालावरूनच गाडी निवडायची असते. मोटरसायकलला एबीएस पहिल्यांदा बीएमडब्ल्यूनेच दिलं, १९८८ मध्ये के १०० ला. २००१ पासून हा सर्वोवाला प्रकार आला, त्याला इंटिग्रल एबीएस म्हणायचे, आणि २००६ च्या मध्यापासून त्यांनी नवीन पद्धतीचं युनिट आणलं ज्यात सर्वो काढून टाकला. म्हणजे पाच-सहा वर्षांचाच माल. त्यातही दोन जाती. आरटी आणि मोठ्या के १२०० एलटीला पूर्ण इंटिग्रल, म्हणजे हाताचा दाबा नाहीतर पायाचा, दोन्ही चाकं धरतात. आर ११५० जीएस, आर ११५० आर यांना अर्धं, हाताने दोन्ही, पायाने फक्त मागचं. भाऊ घेतोय ती पूर्णवाली.

आता तुमच्या बाबांचा प्रश्न. तो एकदम बरोबर प्रश्न आहे आणि त्यांना माझा नमस्कार सांगा. करंट गेला तर ब्रेक शून्य होत नाही, तुमच्या हाताचा दाब डब्यातून पलीकडे जातो, पण मदतीशिवाय. कंपनीच्या पुस्तकात याला उरलेला ब्रेक अशा अर्थाचं नाव आहे. प्रत्यक्षात कसं लागतं सांगू? मारुतीचं इंजिन बंद करून उतारावर ब्रेक पेडल तीन-चार वेळा दाबून बघा, पहिल्या एक-दोन वेळा बरा लागतो कारण बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक असतो, मग पेडल दगड होतं. या बाईकला ते पहिले एक-दोन पण नाहीत, चावी ऑफ म्हणजे लगेच दगड. आणि गाडीचं वजन पावणेतीनशे किलोच्या वर, त्यावर दोन माणसं आणि सामान. पूर्ण जोर लावून लिव्हर आत जाते, गाडी थांबते, पण तुम्ही धरलेल्या जागेच्या बरीच पुढे. एबीएस तर त्या वेळी नसतंच.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात एक परदेशी राइडर आपली गाडी घेऊन जमिनीवरून गोव्यात पोचला होता, आर ११५० जीएस, सर्वोवाली. माझ्याकडे क्लचच्या कामाला आला होता, काम झाल्यावर त्याला दिवाडी बघायची होती म्हणून मी माझ्या स्कूटरवर सोबत गेलो. फेरीबोटीत सगळे करतात तसं त्याने पण इंजिन बंद केलं, चावी ऑफ. पलीकडे धक्का जवळ आला, रॅम्प खाली गेला, पुढची माणसं हलायला लागली, आणि तो गाडीवर बसूनच पायाने ढकलत पुढे निघाला, चावी न फिरवता. रॅम्प ओला, शेवाळ, उतार. त्याने लिव्हर दाबली आणि गाडी थांबलीच नाही, म्हणजे थांबत होती पण हळूहळू, पुढच्या मासेवालीच्या टोपलीला चाक टेकलं तेव्हा थांबली. तिला काही झालं नाही देवाच्या कृपेने. पण त्या माणसाचा चेहरा पांढराफटक झाला होता, आणि तो ती गाडी चार वर्षं चालवत होता, नवीन नव्हता. सवय माणसाला एका सेकंदाला दगा देते. म्हणून भावाला पहिला नियम, या गाडीवर बसून ती हलवायची तर चावी ऑन. इंजिन चालू असायची गरज नाही, पंप बॅटरीवर चालतो, पण चावी ऑन पाहिजे. घराच्या उतारावर, पार्किंगमध्ये, मागे ढकलताना, सगळीकडे.

दुसरं, बॅटरी. साध्या गाडीत बॅटरी कमजोर झाली तर सेल्फ लागत नाही, एवढंच. इथे बॅटरी कमजोर म्हणजे ब्रेकाच्या दिव्यांचा तमाशा सुरू, युनिट फॉल्ट दाखवतं. सिग्नलला लिव्हर धरून उभं राहायची सवय असेल तर तेवढा वेळ पंप फिरत राहतो आणि बॅटरी खातो, ती सवय सोडायची. मी गल्फमध्ये कितीतरी गाड्या बघितल्या ज्यांना लोक म्हणायचे युनिट गेलं युनिट गेलं आणि निघायची फक्त बॅटरी. पण खरंच युनिट गेलं तर नवीन डब्याची किंमत अशी की जुनी गाडी तेवढ्यात येते. तुमच्या भावाला ती स्वस्त मिळतेय त्याचं कारण हेच.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, ब्रेक ऑइल. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. ताजं असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरला की ती हमी १५५ वर येते. हे झालं घाटातल्या तापण्याचं. पण या युनिटचं दुखणं वेगळं आहे, ओलं ऑइल आतल्या बारीक व्हॉल्व्हना आणि पिस्टनना गंज आणि मळ धरवतं आणि डबा आतून मरतो. म्हणून यात व्हील सर्किटचं ऑइल दरवर्षी आणि कंट्रोल सर्किटचं दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलंय. आणि बदलणं म्हणजे आपल्या पल्सरसारखं नाही की पाना घेतला, पाइप लावला, पंप मारला. टाकी काढावी लागते, डब्यावरच्या छोट्या टाक्यांना खास फनेल बसवावं लागतं, चावी ऑन करून त्याच्याच पंपाने ऑइल खेचायचं, आणि तो इतक्या जोरात खेचतो की लक्ष हटलं तर वरचं ऑइल संपून हवा आत. मग सगळं पहिल्यापासून. त्यामुळे अर्ध्या लोकांनी हे काम कधी केलेलंच नसतं, हँडलवरचं दिसणारं ऑइल बदललं आणि सर्व्हिस झाली म्हणून मोकळे.

भावाने काय बघावं ते सांगतो. बघायला जायच्या आधी फोन करून सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड गाडीवर चावी फिरवायची आणि हात पाय दोन्ही ब्रेकपासून लांब. आतून टकटक, घुर्र असा स्वतःची तपासणी केल्याचा आवाज येईल, पुढचे दोन दिवे एकत्र लुकलुकतील, आणि गाडी दोन-चार मीटर हलली की विझले पाहिजेत. विझले नाहीत तर आधी मागचा बल्ब बघा, तो गेला तरी लाल दिवा राहतो, पण बल्ब ठीक असेल तर पुढे बोलूच नका. लिव्हर दाबली की पंप लगेच लागायला पाहिजे, सोडली की लगेच थांबायला पाहिजे, घुंई मागे रेंगाळली तर शंका घ्या. मग सपाट जागेवर चावी ऑफ करून गाडी ढकलायची आणि लिव्हर दाबून बघायची, म्हणजे काय घेतोय ते हाताला कळेल. आणि कागद. व्हील सर्किटचं ऑइल शेवटचं कधी बदललं त्याची तारीख असलेला कागद. तोंडी नको. कागद नसेल तर मी माझ्या सख्ख्या भावाला ती गाडी घेऊ देणार नाही.

गोव्यात आणायचं विसरा. सेकंडहँड गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर आयातच होत नाही.

हिमालयनचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलं.

रायबंदरची_राइडर

मेस्त काकांनी लिहिलं ते सगळं खरं असेल, पण ब्रेक चालू असताना ते कसे आहेत हे कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहिते. आम्ही आठ वर्षं मस्कतला होतो आणि मिस्टरांकडे हीच आर ११५० आरटी होती. मी मागे. सुट्टीत आम्ही डोंगरातल्या रस्त्यांवर जायचो, दोन डबे भरलेले, वर माझी बॅग. मागे बसणाऱ्याला ब्रेक कसा कळतो माहीत आहे का, पुढचा ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली आणि आपलं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर टक्. आमच्या आधीच्या गाडीवर दिवसभरात वीस वेळा व्हायचं. आरटीवर कधीच नाही. एक तर तिचं पुढचं सस्पेन्शन वेगळ्या बांधणीचं, टेलिलिव्हर म्हणतात, त्यामुळे नाक फारसं बुडत नाही, आणि दोन्ही चाकं मिळून धरतात त्यामुळे गाडी एकदम पूर्ण अंगाने खाली बसल्यासारखी थांबते.

एकदा वळणानंतर रस्त्यात उंट. मधोमध. मिस्टरांनी दोन बोटांनी लिव्हर दाबली असेल, पायाचा वापरला की नाही त्यांना आठवत पण नाही, आणि ती एवढी जड गाडी सरळ रेषेत थांबली, रस्त्यावर वाळू असताना. त्यांच्या हाताचं पूर्वी फ्रॅक्चर झालेलं, मनगटात जोर कमी. साधा ब्रेक असता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करते. म्हणून मला त्या घुंई आवाजाचा राग कधी आला नाही, उलट तो ऐकला की बरं वाटायचं.

आमच्याकडे असेपर्यंत युनिटने त्रास दिला नाही, पण ऑइल दरवर्षी बदललं जायचं, आणि ते काम शिकलेल्या माणसाकडून. त्यात कंजुषी केली नाही.

अनमोड_वळण

ताई तुमचा अनुभव मान्य, पण मला उलटा आलाय. मी जर्मनीत कामाला असताना मित्राची आर ११५० आर दोन आठवडे वापरली, तीच सर्वोवाली. हायवेला काही तक्रार नाही. पण हळू वेगात! पार्किंगमध्ये यू टर्न घेताना, हँडल पूर्ण वळलेलं, तुम्ही सवयीने पुढचा ब्रेक अगदी हलका स्पर्श करता आणि गाडी जागेवर थांबते. खट्. वजन एका बाजूला, पाय टेकेपर्यंत गाडी आडवी. माझ्याकडून एकदा पडली आणि एकदा पडता पडता वाचली. साध्या ब्रेकात बोटाला कळतं की पॅड आता टेकला, आता धरला, आता चाक सुटायला आलं. इथे मध्ये मोटर आहे, ती निरोप तुमच्यापर्यंत पोचू देत नाही. मी अनमोडला आणि चोर्ल्याला पावसात वीस वर्षं गाडी चालवतो, तिस्कच्या बाजूला ट्रकांनी सांडलेल्या लाल मातीचा चिखल होतो तेव्हा माझं सगळं लक्ष त्या दोन बोटांत असतं. ते बोटातलं कळणं मी कुठल्याही मोटरला देणार नाही.

हळू वेगात फक्त पायाचा वापरायचा हा उपाय लोक सांगतात, पण आरटीला तो पण चालत नाही कारण तिचा पाय पण पुढचं चाक धरतो. भावाला सांगा मोकळ्या मैदानात तासभर यू टर्न मारून बघ, मगच पैसे दे.

रायबंदरची_राइडर

हे बरोबर आहे. मिस्टरांची पण पहिल्या महिन्यात घरासमोर एकदा पडली होती, हळू वेगातच. नंतर त्यांनी दाबायची पद्धत बदलली, बोटं लिव्हरवर आधीच टेकवून ठेवायची आणि कागद दाबल्यासारखं दाबायचं. पण शिकायला वेळ जातो हे खरं.

शिरोड्याचो_सायलेन्सर

त्यात काय एवढं, युनिट काढून टाकायचं आणि पाइप सरळ जोडायचे. बाहेरच्या देशात खूप लोक असं करतात असं ऐकलंय. मेस्त, तुम्ही केलंय का कधी?

म्हापशाचो_मेस्त

केलंय, तीन गाड्यांना, गल्फमध्ये, युनिट मेलेलं होतं आणि मालकाकडे नवीनचे पैसे नव्हते तेव्हा. डबा काढायचा, स्टीलच्या जाळीवाल्या नवीन ब्रेक लाइन बनवून घ्यायच्या, हाताचा पुढे आणि पायाचा मागे, बस. गाडी चांगली थांबते, वजन पण कमी होतं आणि ऑइल बदलणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण दोन गोष्टी. एक, एबीएस कायमचं गेलं, म्हणजे ओल्या रस्त्यावर चाक लॉक झालं तर ते तुमचं तुम्हाला सोडता आलं पाहिजे, आणि ज्याने दहा वर्षं मोटरच्या भरवशावर ब्रेक मारला त्याचे हात ते विसरलेले असतात. दोन, इंग्लंडात इन्शुरन्सला न सांगता असला बदल केला आणि काही झालं तर क्लेमच्या वेळी पंचाईत. भावाने आधी लेखी विचारावं. मेलेली गाडी जिवंत ठेवायला हा उपाय ठीक आहे, पण काढून टाकू या हिशोबाने चांगली चालणारी विकत घेऊ नये. त्यापेक्षा सर्वो नसलेलीच शोधावी. आर ११५० जीएस १९९९ ला आली, तिच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्वो नाही. किंवा थोडे जास्त पैसे घालून २००७ नंतरची, नवीन युनिटवाली.

आता हिमालयन. डिचोलीकरा, तिच्यात मोटरची मदत नाही, लिव्हरचा दाब सरळ कॅलिपरला, बॅटरी मेली तरी ब्रेक तसाच लागतो, फक्त एबीएस बंद पडतं. बाबांना हे नीट समजावून सांग, त्यांना पटेल. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक दाबला की दोन्ही चाकं थोडी थोडी धरतात ते. त्यामुळे २०१९ च्या आसपासची गाडी असेल तर साल नाही, गाडी बघा, एबीएसची रिंग, म्हणजे चाकासोबत फिरणारी खाचांची चकती जिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो, ती चाकाला आहे का ते डोळ्यांनी बघा. हिमालयनला २०१८ पासून दोन्ही चाकांचं एबीएस आलं, आणि २०२० च्या बीएस ६ वाल्यात मागचं बंद करायचं बटण आलं. मातीच्या रस्त्याला ते बटण उपयोगी, पण बाजारात आणि ओल्या डांबरावर चालू ठेवायचं, बंद करून विसरू नको.

गोव्यात सेकंडहँड घेताना माझ्या तीन शंका कायम असतात. एक, गाडी किनाऱ्यावरची आहे का. मोरजी, हरमल, कळंगुट बाजूला वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असलेली गाडी वरून चकचकीत असते पण एबीएसच्या सेन्सरचे कनेक्टर उघडले की आत हिरवी पावडर, खाऱ्या हवेने. दोन, ती आधी भाड्याला होती का. काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेली गाडी नंतर खाजगी करून विकतात, आरसीचा इतिहास बघा. भाड्याच्या गाडीला शेकडो हात लागलेले, अर्ध्यांना ब्रेकवर पाय ठेवून चालवायची सवय, डिस्कला नखाने धार लागते का बघा, कडेला उंचवटा आला असेल तर डिस्क झिजलेली. तीन, तुमच्या बाजूची गाडी, म्हणजे डिचोली, पाळी, उसगाव, खाणीकडची. ती लाल धूळ सेन्सर आणि रिंगच्या मधल्या बारीक फटीत बसते, पावसात त्याचा लेप होतो, मग एबीएसचा दिवा कधी लागतो कधी जातो आणि विकणारा सांगतो काही नाही ते, असंच होतं. असंच होत नाही. गाडी चालू लागली की दिवा विझला पाहिजे आणि विझलेलाच राहिला पाहिजे. आणि उलटी चलाखी पण आहे, दिव्याची वायरच काढलेली असते. म्हणून चावी ऑन केल्यावर तो आधी लागतो का ते बघायचं.

आणि ब्रेक ऑइल. मास्टर सिलिंडरच्या खिडकीतून चहासारखं दिसत असेल तर लगेच बदलायचं. आपला पावसाळा चार महिने आहे, हवेत ओलावा कायम, आपल्याकडे दोन वर्षं पण जास्त होतात असं माझं मत. काम थोड्या पैशांचं असतं आणि लोक ते टाळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

काणकोण_ते_कारवार

मेस्त, माझी चूक मान्य. माझ्या डोमिनारचा दिवा करमल घाटात लागतो आणि बाळ्ळीला उतरलो की जातो, दोन महिने झाले, मी लक्षच देत नव्हतो. उद्याच दाखवतो.

डिचोली_३५०

सगळ्यांना देव बरें करूं. काल भाऊ जाऊन आला, मी पूर्ण वेळ व्हिडिओ कॉलवर होतो. मालक म्हातारे गृहस्थ, स्वभावाने एकदम चांगले, गाडी थंड ठेवली होती सांगितल्याप्रमाणे. चावी फिरवली, आवाज आला, दिवे लुकलुकले, चार पावलं गेल्यावर विझले. भाऊ चालवून आला तर चेहरा असा फुललेला की मला वाटलं आता हा कुणाचं ऐकत नाही. म्हणाला ब्रेक असे की कोणीतरी मोठ्या हाताने गाडी धरून ठेवल्यासारखी. रायबंदरच्या ताई, तुम्ही लिहिलं तेच शब्द जवळजवळ.

मग मी म्हटलं चावी ऑफ करून ढकल. त्यांच्या अंगणाला थोडा उतार आहे. मालक स्वतःच पुढे आले, म्हणाले थांब, मी समोर उभा राहतो, आणि ते दोन हात पुढे करून उभे राहिले. माझं तिथेच उत्तर मिळालं. भावाने लिव्हर दाबली, सगळी बोटं, आणि गाडी सरकत सरकत त्यांच्या तळहातांपर्यंत गेली.

कागदांची फाइल मोठी होती, सगळी इंजिन ऑइलची, टायरची, अगदी काचेच्या मोटरची पण बिलं. ब्रेक ऑइलची शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची, आणि ती पण फक्त हँडलकडच्या सर्किटची. त्यांना माहीतच नव्हतं की दुसरं सर्किट आहे. त्यांनी काही लपवलं नाही, दर वर्षी सर्व्हिसला पैसे दिले होते, ज्यांच्याकडे द्यायचे त्यांनी टाकी काढलीच नव्हती. भावाने त्यांना तुमची पोस्ट वाचून समजावून सांगितली मेस्त, ते कागदावर लिहून घेत होते.

गाडी घेतली नाही. भाऊ रात्रभर गप्प होता, त्याला ती मनापासून आवडली होती. आता २००७ च्या पुढची बघायची ठरलंय, त्यासाठी अजून सहा महिने जादा शिफ्ट कराव्या लागतील म्हणतो. बाबांना मी व्हिडिओ दाखवला, तो उताराचा. त्यांनी दोनदा बघितला आणि भावाला फोन लावून बराच वेळ बोलले, काय ते मला सांगितलं नाही.

मेस्त, हिमालयन पाळीची आहे, २०२१ ची, मालक माझ्या ओळखीचा. रविवारी तुमच्याकडे आणली तर चालेल का? बाबा पण यायचं म्हणतायत.

म्हापशाचो_मेस्त

ये, दहाच्या आधी ये, नंतर ऊन होतं. आणि मालकाला सांग गाडी धुवून देऊ नको, पाळीची माती आहे तशी राहू दे, मला रिंग त्या मातीसकट बघायची आहे. बाबांना नक्की आण.